बारा फुटांचा मोठेपणा

गोल्फचं नाव काढलं की आमच्या घरचे जांभया देतात. देऊ देत. आज मला भांडायचंच आहे.

इथे न्यू जर्सीत मी जिथे खेळतो, तिथल्या कमिटीने या उन्हाळ्यात ग्रीन्सचा वेग बारावर नेला. म्हणजे स्टिंपमीटरवर बारा फूट. हे स्टिंपमीटर काही दिव्य यंत्र नाही. ३६ इंचांची पट्टी, तिच्या खाचेत चेंडू ठेवायचा, पट्टी हळूहळू उचलायची आणि सुटलेला चेंडू सपाट हिरवळीवर किती फूट गेला ते मोजायचं. १९३५ ची यूएस ओपन बघून एडवर्ड स्टिंपसनला ती सुचली. १९७८ मध्ये यूएसजीएने ती कोर्स सांभाळणाऱ्यांच्या हाती दिली, ती अठराही ग्रीन्स एकसारखी राहावीत म्हणून. तेव्हा अमेरिकेत सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास होती! शेजारच्या क्लबसमोर मिशीला पीळ द्यायला नव्हती दिली.

बरं, वेग तर वेग. पण याच लोकांनी ग्रीनभोवतीचं गवत घोट्यापर्यंत वाढवलंय, आणि इथे माझं डोकं फिरतं. माझे सत्तरीचे जोडीदार, मी त्यांना काका म्हणतो, आयुष्यभर सात नंबरच्या आयर्नने चेंडू छोटा टप्पा देऊन घरंगळत न्यायचे. काठ बारीक कापलेला असला की पटर, आयर्न, वेज, काहीही चालतं. आता पहिल्याच टप्प्याला गवत चेंडू गिळतं. उरतो एकच फटका, लॉब वेजने उंच उडवायचा. त्यातही क्लब आणि चेंडूच्या मध्ये गवत आलं की फिरकी मिळत नाही, चेंडू त्या बारा फुटी काचेवर थांबत नाही, थेट पलीकडच्या गवतात. गेल्या रविवारी काकांनी एका होलवर नऊ मारले आणि बॅग उचलून चहाला गेले.

"यालाच कौशल्य म्हणतात," असं मला ऐकवलं गेलं. मग पाइनहर्स्टला २०१४ च्या यूएस ओपनमध्ये काय होतं? ग्रीन्स उलट्या कढईसारखी, वेगवान, पण काठ बारीक कापलेले. जगातले उत्तम खेळाडू तिथे डोकं खाजवत उभे राहायचे, पटर की वेज? मार्टिन कायमर वारंवार ग्रीनबाहेरूनही पटर घेऊन उभा राहिला आणि आठ फटक्यांनी जिंकला. अवघड होतंच की, पण ठरवत खेळाडू होता, गवत कापणारं यंत्र नव्हे.

मी कमिटीला लिहिलं, वेग दहावर आणा, काठ कापा. उत्तर आलं, "सदस्यांना वेग आवडतो." कुठल्या, ते नाही लिहिलं.

काका या रविवारी येत नाहीयेत.