‘.२२’ म्हटले की झाले?

पॅरिस ऑलिंपिकमधील (२०२४) मनू भाकर आणि स्वप्निल कुसाळे यांच्या पदकांनंतर आपल्या मंडळातील काही मुले नेमबाजी शिकू लागली आहेत. दहा मीटरच्या एअर पिस्तुलात छर्रा असतो. काडतुसाचा प्रश्न येतो तो २५ मीटरला. ऑलिंपिकमध्ये तिथे ‘.२२ लाँग रायफल’च चालते. ‘.२२ शॉर्ट’ त्याच चेंबरमध्ये बसते खरे, पण पुंगळी आखूड असल्याने पुढच्या भागात काजळी धरते आणि नंतर लांब पुंगळी अडकू लागते. (२००४ पर्यंत रॅपिड फायरला शॉर्टच होते, ती पिस्तुले वेगळी.) ‘.२२ मॅग्नम’च्या रुंद चेंबरमध्ये तर लाँग रायफलची पुंगळी सैल बसून फाटू शकते. बँकेत आम्ही नुसते आडनाव जुळले म्हणून पैसे देत नव्हतो. नळीवरचे आणि डबीवरचे नाव पूर्ण जुळवून पाहावे. चेंबरमधला रंगीत सेफ्टी फ्लॅगही रेंज ऑफिसरने सांगितल्याशिवाय काढायचा नसतो.