आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आमच्या बँकेचं नाव मी सांगणार नाही. पगार तीच देते. पण अष्टागरातल्या आमच्या शाखेत एक तारखेला पेन्शनरांची रांग पार अंगणातल्या नारळापर्यंत जाते आणि ती माझ्यामुळे जाते, असा मेमो मला मिळालेला आहे. 'काउंटरवरील संथ कामकाज.' आता संथ मी की संगणक? पडद्यावरचं ते चक्र गरगरत बसतं, त्याला मी काय करू? हेड ऑफिसात या रोगावर एकच मात्रा : नवा संगणक. तो आला. रंगाने काळा होता. चक्र तेच. मग मेमरी वाढवली. (संगणकाची.)

गणपतीत पुण्याचा भाचा आला होता. तो जावा लिहितो. आम्ही बी. कॉम. लोक; जावा म्हटलं की मला आई आणि काकू आठवतात.

"मामा, आमच्याकडेही हेच झालं," तो म्हणाला. "सगळे म्हणाले डेटाबेस मंद आहे. मोठा सर्व्हर घेतला, तर प्रोग्रॅम आणखीनच मंद! शेवटी प्रोफायलर लावला."

प्रोफायलर म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये सेकंदाला पाच-पन्नास वेळा डोकावून कोण काय करतंय आणि कोण कुणासाठी खोळंबलंय हे टिपून ठेवणारा कारकून. त्यातला फ्लाइट रेकॉर्डर नावाचा तर २०१८ पासून जावाबरोबर फुकटच मिळतो. अर्ध्या तासात छडा लागला. डेटाबेस बिचारा निवांत होता. प्रोग्रॅमचे सगळे धागे केलेल्या कामाची नोंद करायला एकाच वहीपाशी उभे होते आणि वहीला कुलूप एकच. मोठ्या सर्व्हरने काय केलं, तर त्या कुलपापाशी भांडायला आणखी माणसं आणली! एका चुलीपाशी चार जावा, आणि घर मोठं बांधून उपयोग काय?

डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन प्राध्यापकाने १९७१ साली फोर्ट्रानचे प्रोग्रॅम तपासून छापलं होतं की, निम्म्याहून जास्त वेळ प्रोग्रॅमच्या ४ टक्क्यांहूनही कमी भागात जातो. तो भाग कुठला, हे मोजल्याशिवाय कळत नाही. हे परिपत्रक आमच्या हेड ऑफिसला अद्याप पोचलेलं नाही. तिथे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे! आम्हा अलिबागकरांना मात्र क्नूथची गरज नाही. वडखळ नाका तुंबला की पेणचा रस्ता कितीही रुंद असला तरी गाडी तसूभर हलत नाही, हे आम्ही गाडीत बसून शिकलोय. आणि मोजायचं तेही गर्दीतच. मंगळवारी दुपारी वडखळला उभं राहून रविवार संध्याकाळ कळत नाही.

म्हणून पुढच्या एक तारखेला मी पेन्सिल घेऊन बसलो. दर पाच मिनिटांनी मान वर करायची आणि रांग कशासाठी अडलीय ते लिहायचं. ४८ नोंदी झाल्या. माझ्यामुळे अडली ९ वेळा, हे कबूल. संगणकामुळे ६ वेळा. उरलेल्या ३३ वेळा ठरावीक रकमेपुढच्या व्यवहाराला साहेबांची मंजुरी यायची होती! म्हणजे मीही इतके दिवस भलत्यालाच शिव्या घालत होतो. ते गरगरणारं चक्र साहेबांची वाट पाहत होतं. साहेब त्या वेळी कुठे होते, हे प्रोफायलर सांगत नाही, चहावाला सांगतो.

तक्ता रीतसर वर पाठवला. दोन आठवड्यांत उत्तर आलं. कामाच्या वेळेत ४८ वेळा इकडेतिकडे पाहिल्याबद्दल मला दुसरा मेमो, आणि साहेबांच्या टेबलासाठी नवा संगणक मंजूर.