जिद्दीचं कौतुक पुरे, मजुरीचं बोला

‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ला लागला. शुक्रवार होता, आणि दोनच दिवसांनी पहिला रोजा. मालेगावात शुक्रवार म्हणजे यंत्रमागांच्या सुट्टीचा दिवस, म्हणजेच सिनेमाचा दिवस. आणि रमजान म्हणजे सिनेमापासून लांब राहायचा महिना. मालेगावच्या सिनेमावेड्या माणसांवर काढलेला चित्रपट, ती माणसं चित्रपटगृहाकडे पाठ फिरवणार नेमक्या त्याच आठवड्यात आला. मुंबईत कॅलेंडर मिळत नाही असं नाही. मालेगावचा माणूस पडद्यावर हवा होता, खुर्चीत तो धरलेलाच नव्हता, असा माझा आपला अंदाज.

चित्रपट वाईट नाही. रीमा कागतींनी तो मनापासून केलाय, वरुण ग्रोवरांनी माणसं नीट लिहिली आहेत. माझी तक्रार त्याच्यानंतर सुरू झालेल्या कौतुकाबद्दल आहे. जिथे पाहावं तिथे एकच शब्द : जिद्द. साधनं नाहीत, पैसा नाही, पण पोरांची जिद्द बघा! आपल्या मोहल्ल्यातल्या मंडळींनीही हे मेसेज अभिमानाने पुढे ढकलले. मला या शब्दाची आता चीड येते. गरिबाच्या जिद्दीचं कौतुक करायला खिशात हात घालावा लागत नाही, म्हणून तर ते इतकं उदंड होतं.

आधी मूळ गोष्ट बघू. शेख नासिर यांचा व्हिडिओ पार्लर. लग्नाच्या शूटिंगचा अनुभव, तोच कॅमेरा, यारदोस्त हेच नट. त्यातून २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ झाला आणि गावातल्या पार्लरमध्ये चालला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ करताना फैजा अहमद खान यांनी त्यांच्या मागे कॅमेरा लावला आणि २००८चा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट झाला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी आधी तो पाहावा, कागतींचा नंतर. सायकलवर कॅमेरा, बैलगाडीची क्रेन, ट्रकच्या बाजूला ताणलेलं हिरवं कापड. एका प्रसंगात कॅमेराच पाण्यात पडतो. पुढे हिरो शफीकचं लग्न निघतं आणि शूटिंग पुन्हा थांबतं. लोक हे पाहून हसतात, आणि हसावं असंच ते आहे. नासिरभाई स्वतःही हसतात.

पण हिशेब कुणी मांडत नाही. शफीक यंत्रमागावर काम करणारा. मागावरची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापाने मिळते. माग थांबला की मजुरी थांबली. म्हणजे शूटिंगचा प्रत्येक दिवस कुणाच्या तरी घरच्या चुलीतून कापलेला. मालेगावचा सिनेमा लाखाच्या आत होतो असं आपण मोठ्या तोऱ्यात सांगतो, तेव्हा त्या आकड्यात ही बुडालेली मजुरी धरलेली नसते. नटाची नाही, लाइट धरणाऱ्याची नाही, घरी थांबून मुलं सांभाळणाऱ्या बाईची तर नाहीच. मुंबईच्या सेटवर कॅमेरा पाण्यात पडला तर विमा असतो, दुसरा कॅमेरा संध्याकाळपर्यंत येतो. मालेगावात कॅमेरा पडला की सिनेमा पडतो. यात स्वस्त काहीच नाही. खर्च तेवढाच होतो, फक्त तो पावतीवर येत नाही. शफीक पुढे तरुणपणीच कर्करोगाने गेला. माहितीपट २०१२मध्ये निवडक चित्रपटगृहांत लागला, तेव्हा तो हयात नव्हता.

आता याच नाशिक जिल्ह्यातली दुसरी गोष्ट. दादासाहेब फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे. १९१२मध्ये त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, शेवटी अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने साडी नेसली. ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो, हसतो, नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याला स्मारक पाहून येतो. त्या वेळच्या ब्राह्मण-मराठा घरांनी मुली दिल्या नाहीत म्हणून त्या समाजांच्या मागासपणावर कुणी लेख लिहीत नाही. ती ‘त्या काळाची अडचण’ असते. मालेगावात नटी बाहेरगावाहून आणावी लागते, तेव्हा मात्र ती ‘मुस्लिम मानसिकता’ होते. अडचण तीच, जिल्हाही तोच.

मात्र हे बाहेरच्यांना सुनावून आपली सुटका नाही. फाळक्यांना बाई मिळाली नाही १९१३मध्ये. आपल्याला अजून किती वर्षं लागणार आहेत?

फाळक्यांच्या गोष्टीतला एक भाग आपण नेहमी गाळतो. त्यांनी आधी वाटाण्याचं रोप उगवतानाची छोटी फिल्म केली, ती पैसेवाल्यांना दाखवली, आणि ती पाहून भांडवल मिळालं. दागिने गहाण पडले हे खरं, पण ते गहाण ठेवून घेणारा कुणीतरी होता. जिद्द दोघांकडे होती. एकाला सावकार तरी भेटला.

‘गर्म हवा’चंही तेच. एम. एस. सथ्यूंच्या अडचणींचे किस्से आपल्याकडे चवीने सांगतात. आग्र्यात विरोध झाला तेव्हा लोकांचं लक्ष वळवायला खोटं युनिट दुसरीकडे पाठवलं. सेन्सॉरने कित्येक महिने अडवून धरलं. बलराज साहनी डबिंग संपवून दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ला, गेले. सगळं खरं. पण त्या चित्रपटाला फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने अडीच लाख रुपये दिले होते, आणि तेही सथ्यूंची आधीची एक संहिता नाकारल्यावर. उरलेला पैसा त्यांनी दोस्तांकडून उभा केला. फाळणीनंतरच्या हिंदुस्थानी मुसलमानाच्या घरात शिरणारा तो सिनेमा सरकारी कर्जाशिवाय सुरूच झाला नसता. सलीम मिर्झाच्या डोळ्यांवर बोलताना या अडीच लाखांवरही बोला.

आज महाराष्ट्रात काय आहे? मराठी चित्रपटाला राज्याचं अनुदान आहे. ते मिळतं चित्रपट पूर्ण झाल्यावर, सेन्सॉरचं प्रमाणपत्र आल्यावर, परीक्षण होऊन. म्हणजे ज्याच्याकडे सिनेमा पुरा करण्याएवढा पैसा आधीच आहे, त्याला. पाण्यात पडलेल्या कॅमेऱ्याला या योजनेत जागा नाही. आणि मालेगावची भाषा उर्दू-हिंदी-खानदेशी, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. मराठीचा पैसा मराठीला जावा, यावर माझं भांडण नाही. मी या पानावर मराठीत लिहितो ते उगाच नाही. भांडण आपल्याशी आहे. कोकणातला, सोलापूरचा, मराठवाड्यातला मुसलमान घरात-बाजारात मराठी बोलतो आणि मराठी पडद्यावर अजून ‘हम कू क्या मालूम’ छाप हिंदी बोलतो. हे चित्र बदलणारा सिनेमा दुसरं कोण काढणार?

इथे आपल्यातले काहीजण म्हणतील, सिनेमा हरामच आहे, मग चर्चा कशाला. जो खरोखर पाहत नाही, घरात टीव्ही ठेवत नाही, त्याच्या श्रद्धेपुढे मी गप्प बसतो. पण नोव्हेंबर २०२३मध्ये मालेगावच्या मोहन थिएटरमध्ये ‘टायगर ३’ सुरू असताना आत फटाके फोडणारे परग्रहावरून आले नव्हते. सलमानच्या पहिल्या शोला चालतं, आणि शेजारच्या पोराने कॅमेरा उचलला की मसला आठवतो, हा कुठला न्याय? मग पडद्यावर आपण दहशतवादी नाहीतर कव्वाल म्हणून दिसतो अशी तक्रार घेऊन हीच मंडळी निवेदन द्यायला पुढे. ज्यांनी आपल्या मुलांना गोष्ट सांगू दिली नाही, त्यांची गोष्ट दुसरे सांगणारच.

मालेगावचं सांगायचं तर दोनच तारखा लोकांना पाठ आहेत : ८ सप्टेंबर २००६ आणि २९ सप्टेंबर २००८. पहिल्या स्फोटात पकडलेल्या नऊ मुसलमानांना २०१६मध्ये न्यायालयाने दोषमुक्त केलं, हे किती जणांना माहीत आहे? त्याच दोन स्फोटांच्या मधल्या काळात हे गाव सुपरमॅनचं शूटिंग करत होतं. हे सांगायला दिल्ली-मुंबईची माणसं यावी लागली. ती आली, चांगलं काम केलं, त्यांचे आभार. पण ती दरवर्षी येणार नाहीत.

पैसा नाही, हे मला पटत नाही. लग्नातल्या एका रात्रीच्या मंडपावर आणि बिर्याणीच्या देगांवर आपण काय उधळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. जलशांचे स्टेज, स्वागताचे फ्लेक्स, शाली, हेही जाऊ दे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर ही मागांची गावं आहेत आणि मागांचे मालकही आपल्यात आहेत. जकात यात ओढू नका, तिचे हकदार ठरलेले आहेत. साध्या वर्गणीतून निधी करा. वर्षाला एकच चित्रपट, तासाभराचा असला तरी चालेल. संहितेवर पैसे द्या, पूर्ण झालेल्या सिनेमावर नको. कॅमेरा भाड्याने घ्या, त्याचा विमा उतरवा. गावातली मुलगी कॅमेऱ्यापुढे किंवा मागे काम करणार असेल तर तिच्या येण्याजाण्याची आणि घरच्यांशी बोलण्याची जबाबदारी निधी चालवणाऱ्यांनी घ्यावी, एकट्या तिच्यावर टाकू नये. चित्रपट आधी आपल्याच गावात शुक्रवारी दाखवा, तिकीट लावून. आणि खर्चाच्या कागदावर पहिल्या ओळीत शूटिंगला येणाऱ्या प्रत्येक मागवाल्याची दिवसाची मजुरी लिहा. ती रोख, त्याच संध्याकाळी.