मॉडिफाय केलेली जुनी अमेरिकन गाडी घेताय? इंजिनाआधी आरसी बघा

लांब बॉनेट, रुंद टायर, नवंकोरं इंजिन आणि खाली एक ओळ: ‘मॉडिफाइड क्लासिक, विकणे आहे’. मोबाइलवर अशी जाहिरात दिसली की पहिला प्रश्न किमतीचा असतो. पण बारामती-इंदापूरमधल्या ग्राहकासाठी खरा प्रश्न दुसराच आहे: ही गाडी त्याच्या नावावर होईल का?

अमेरिकन गाड्या इथे आल्या कशा?

इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, त्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला आणि 1947 पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्यांची जुळणी सुरू झाली.

स्पोर्ट्स कारची गोष्ट वेगळी. फोर्डनं मस्टँग 1964 मध्ये अमेरिकेत बाजारात आणली, भारतात तिची अधिकृत विक्री 2016 मध्ये सुरू झाली. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली मस्टँग इथे दिसली, तर ती कुणीतरी बाहेरून आणलेली असणार. तिचे कस्टम्सचे कागद हवेतच. स्टिअरिंग डावीकडे असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 120 नुसार वळण्याचे इशारे देणारी यंत्रणा चालू स्थितीत असावी लागते.

मॉडिफाय करायला बंदी आहे का?

सरसकट नाही. पण कलम 52 नुसार, कंपनीनं ठरवलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. रंग बदलणं किंवा किरकोळ वस्तू बसवणं चालतं. गाडीचा मूळ ढाचा बदलणं चालत नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची मंजुरी लागते.

नियमबाह्य बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होईल?

मेख इथेच आहे. केंद्रानं 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटून गेलेली खासगी गाडी व्हिंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षं टिकते. पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे जाहिरातीत जे कौतुकानं सांगितलं जातं, तेच नोंदणीच्या आड येतं. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती किंवा इंधन भरण्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई आहे.

सांगलीची जीप काय सांगते?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेली छोटी जीप डिसेंबर 2021 मध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण नियमांत बसत नसल्यानं ती आज ना उद्या थांबवली जाईल, असंही सांगितलं. तिच्या बदल्यात लोहार यांना नवी बोलेरो मिळाली. कसबाचं मोल झालं, पण रस्त्यावर चालवायला कागदवाली गाडीच लागली.

पैसे देण्याआधी काय तपासाल?

• चॅसी आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. फोटोवर विसंबू नका.
• इंजिन बदललं असेल, तर त्याच्या मंजुरीची नोंद मागा.
• नोंदणी कुठली आहे, ते बघा. बारामती आरटीओचा क्रमांक ‘एमएच-42’ आहे. बाहेरची गाडी असेल तर मूळ कार्यालयाची एनओसी लागते.
• बदलांची माहिती विमा कंपनीला लेखी द्या. ती लपवली आणि अपघात झाला, तर दावा अडकू शकतो.

विकणाऱ्यालाही जोखीम आहेच. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात गेली तरी आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे व्यवहार ठरला की फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलून घेणं दोघांच्याही हिताचं.

नाव बदलत नसेल, तर ती गाडी अंगणात उभी करायची शोभेची वस्तू आहे. किंमतही तेवढीच द्यावी.