पटांगणांतील हिरवळ

शाळेचें पटांगण हें शाळेच्या इमारतीइतकेंच शिक्षणाचें साधन आहे, असें आम्ही पुष्कळ वर्षें मानीत आलों आहों. ज्ञान वर्गांत मिळतें हें खरें. परंतु खिलाडूपणा, सहनशीलता, आपल्याहून दुर्बळ असेल त्यास सांभाळून घेण्याची संवय, ह्या गोष्टी पटांगणावरच अंगीं बाणतात. म्हणून त्या भूमीचें काय करावें हा प्रश्न क्षुद्र नव्हे. आमच्या पिंपळीस काय किंवा बारामती-इंदापुराकडील दुसऱ्या कोणत्याही गांवीं काय, ह्या बाबतींत सध्यां दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, सगळी जागा पेव्हर ब्लॉकनीं फरसबंद करून टाकावी. म्हणजे धूळ नाहीं, चिखल नाहीं, माळ्याचा पगारही नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, रोपवाटिकेंतून गालिच्यासारखी गुंडाळलेली मेक्सिकन हिरवळ आणून अंथरावी, कडेनें तार ओढावी व 'हिरवळीवर चालूं नये' अशी पाटी लावावी. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. हिरवळ अवश्य असावी. पण ती देशी हरळीची असावी, बेताची असावी, आणि मुलांच्या पायांखालीं असावी.

शोभेच्या हिरवळीची कल्पना आपल्याकडे इंग्लंडांतून आली. तेथें पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो व ऊन सौम्य असतें. त्यामुळें गवत आपोआप वाढतें, आणि श्रम काय ते कापण्याचे. १८३० सालीं एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें, लोंकरी कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्रावरून कल्पना घेऊन, गवत कापण्याचें यंत्र काढलें. तेव्हांपासून सरदारांच्या वाड्यांपुढील शोभा साध्या गृहस्थांच्या दारीं आली. मौज ही कीं, लंडन शहराचा वार्षिक पाऊस सुमारें ६०० मिलिमीटर, म्हणजे आमच्या पावसाहून फारसा अधिक नाहीं. बारामतीस सरासरीनें ५०० मिलिमीटरांच्या आसपास पडतो. भेद आहे तो वांटणीचा. आमच्याकडे येणारे ढग आपला बहुतेक भार सह्याद्रीवरच उतरवून येतात. जूनपासून आक्टोबरपर्यंत पडेल तेवढा पाऊस पडतो, आणि पुढें सात महिने आकाश कोरडें.

ह्या सात महिन्यांचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतःच मांडून पाहावा. एका चौरस मीटरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. एप्रिल-मे महिन्यांत हिरवळ हिरवी राखावयाची तर दररोज सुमारें ५ मिलिमीटर पाणी द्यावें लागतें. दहा गुंठे जागा म्हणजे सुमारें १,००० चौरस मीटर. तेव्हां रोजचें पाणी ५,००० लिटर झालें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशननें खेड्यांतील माणसामागें दररोज ५५ लिटर पाण्याचें मान धरलें आहे. त्या मानानें दहा गुंठ्यांची शोभा ९० माणसांचें पाणी पिऊन टाकते! ज्या तालुक्यांच्या जिराईत भागानें १९७२ चा दुष्काळ पाहिला, २०१२-१३ सालीं टँकरची वाट पाहिली, ज्या बारामती तालुक्यांत १९६०-७० च्या दशकांत कासा ह्या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या धान्यावर लोकांनीं पाझर तलाव खणले, तेथें शाळेनेंच पाण्याची अशी उधळपट्टी करावी काय? त्या तलावांची माती ज्यांनीं वाहिली त्यांचींच नातवंडें आज शाळांतून शिकत आहेत.

कोणी म्हणेल, आमच्याकडे आतां कालवा आहे, पाण्यास काय तोटा? ह्याचें उत्तर नीरेच्या खोऱ्यानेंच दिलेलें आहे. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा निघाला व १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी ह्या बाजूस वाहूं लागलें. पाणी आलें आणि कोठें कोठें तें बेसुमार दिलें गेलें. निचरा नसलेल्या काळ्या जमिनींत तें सांचलें, खालचे क्षार वर आले, आणि चांगल्या जमिनी खारवट व चोपण झाल्या. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे ह्यांनीं १९१० सालीं नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र प्रबंधच प्रसिद्ध केला. तात्पर्य, पाण्याच्या अभावानें जमीन कांहीं काळ उपाशी राहते, पण पाण्याच्या अतिरेकानें ती कायमची आजारी पडते. शेतास जें लागू तेंच हिरवळीस लागू.

आतां हरळीविषयीं. आमचे हिंदु बंधु हिला दूर्वा म्हणून गणपतीस वाहतात, आणि तीच उंसांत शिरली म्हणजे शेतकरी तिला शिव्या देतो. दोहोंचें कारण एकच: ती मरत नाहीं. तिचीं खोडें जमिनीवर धांवतात तशींच जमिनीखालींही पसरतात. वरचें पान वाळलें तरी खालचा जीव शाबूत असतो. पाऊस पडतांच ती पुन्हां डोकें वर काढते. खारवट जमीन ती पुष्कळ सहन करते आणि तुडविली तरी लवकर भरून येते. म्हणूनच उष्ण देशांतील क्रीडांगणांवर हिचाच उपयोग करतात. इंग्रजींत हिला बर्म्युडा ग्रास म्हणतात, पण ती मूळची आपल्या जुन्या जगाचीच. शेतकऱ्याची ही शत्रु शाळेची मैत्रीण कां होऊं नये?

ती लावण्याची रीत कठीण नाहीं, मात्र घाई उपयोगाची नाहीं. उन्हाळ्यांत जमीन फूटभर खोल खणून दगडगोटे काढावे व ढेंकळें उन्हांत तापूं द्यावीं. लव्हाळ्याच्या गांठी एकूणएक वेंचाव्या. एक राहिली तरी पुढें पन्नास होतात. जागेस किंचित् उतार द्यावा व कडेनें चर काढावा, म्हणजे पाणी सांचणार नाहीं. पूर्ण कुजलेलें शेणखत मिसळावें. कच्च्या शेणखताबरोबर तणाचें बीं आणि हुमणी हीं दोन्ही येतात. पहिल्या पावसानें उगवलेलें तण उपटून टाकावें, आणि मग जुलईंत हरळीच्या मुळ्या फुटलेल्या कांड्या वीतभरापेक्षां कमी अंतरानें लावून त्यांवर हलका रूळ फिरवावा. दाट सावलींत हरळी जगत नाहीं. वडाच्या किंवा पिंपळाच्या खालीं तिचा हट्ट न धरतां तेथें पार बांधावा, तें अधिक शोभेल.

पुढील निगा म्हणजे निव्वळ संयम आहे. गवत कापतांना एका वेळीं उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापूं नये. फार खालून कापल्यास मुळें दुबळीं होतात. कापलेले बारीक तुकडे तेथेंच पडूं द्यावे. तेंच त्याचें खत. पाणी रोज शिंपडण्यापेक्षां आठवड्यांतून एकदोनदां सकाळीं भरपूर द्यावें. वरवरच्या शिंपणानें मुळें वरच राहतात, आणि खोल पाण्यामागें तीं खोल जातात. जमीन पायांनीं घट्ट झाली कीं पहारेनें जागजागीं भोकें पाडावीं. जेथून मुलांची पायवाट पडते तेथें पाटी न लावतां दगड बसवावे, कारण पायवाट ही मुलांची सोय सांगत असते. खो-खोच्या खुंटांची जागा दर सत्रास बदलावी, म्हणजे झिजलेल्या भागास विसांवा मिळतो.

ह्यावर मोठा आक्षेप असा येईल कीं, उन्हाळ्यांत पिवळें पडलेलें पटांगण पाहून पाहुणे काय म्हणतील? आम्ही म्हणतों, त्यांस सांगावें कीं ही हरळी निजली आहे, मेली नाहीं. सुपें येथील मयूरेश्वर अभयारण्यांत, जें १९९७ सालीं घोषित झालें, चिंकारा हरिणें ज्या माळावरील गवतावर जगतात त्यास कोणी नळाचें पाणी घातलेलें नाहीं; तेंही उन्हाळ्यांत पिवळें होतें. तें दारिद्र्य नव्हे, तो ऋतुधर्म होय. हात धुण्याच्या नळांखालचें पाणी वळवून एखादा लहानसा पट्टा हिरवा राखतां आल्यास राखावा. बाकीच्यानें पावसाची वाट पाहावी. फरसबंदीच्या कैवाऱ्यांस मात्र आमचें इतकेंच विचारणें आहे कीं, मे महिन्यांत त्या ठोकळ्यांवर अनवाणी मुलानें कसें उभें राहावें, पडलेल्या मुलाच्या गुडघ्याचें काय व्हावें, आणि पडलेलें पावसाचें पाणी भूमींत कोठून मुरावें?

शुभवर्तमानांत पांच हजारांच्या भोजनाची कथा आहे. प्रभूनें त्या थकल्याभागल्या लोकांस गवतावर बसावयास लाविलें, आणि तें गवत हिरवें होतें हें मार्कानें मुद्दाम नमूद केलें आहे. वल्हांडण सण जवळ आला होता असें योहान सांगतो. म्हणजे तो वसंताचा काळ. पुढें उन्हाळा लागला कीं पॅलेस्टाईनच्या टेंकड्याही आमच्या माळांसारख्याच पिवळ्या पडतात. ह्या कथेंत गवत पाहण्यासाठीं नाहीं, भुकेल्या माणसांस बसण्यासाठीं आहे. आणि तें आपल्या ऋतूंत हिरवें आहे, इतकेंच पुरे झालें.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, हिरवळ विकत आणूं नका, ती वाढवा. प्रत्येक वर्गानें एकेक वाफा घ्यावा, खणणें, खुरपणें व पाणी देणें मुलांनीं व मुलींनीं सारखें वांटून घ्यावें, आणि पाण्याचा हिशेब वहींत लिहावा. असें केल्यास दोन पावसाळ्यांत शाळेस पटांगण लाभेल, आणि तें तुमच्या मागून येणाऱ्या मुलांचें असेल. त्यांस खेळण्यास मोकळें राहील तेंच पटांगण खरें.