रांगोळी आमची, नकाशा त्यांचा?

गावनकाशाच्या कार्यक्रमाचे दृश्य आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेले आहे. समाजमंदिरासमोरचे अंगण सारवलेले असते. बायका उकिडव्या बसून रांगोळी, कोळसा आणि विटेचा चुरा घेऊन गाव काढत असतात. जंगलाच्या जागी पाला, विहिरीच्या जागी वाटी. संस्थेचा कार्यकर्ता फोटो काढतो. अहवालात ‘महिलांचा उत्स्फूर्त सहभाग’ असे वाक्य येते. संध्याकाळी त्यांच्यातलीच एक जण अंगण झाडते आणि नकाशा केरात जातो.

दुसऱ्या दिवशी जंगलाची हद्द मोजायला माणसे निघतात. त्यांच्याजवळ जीपीएस यंत्र, होकायंत्र आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा असतो. या तुकडीत बहुधा एकही बाई नसते. बाया गावात राहून मोजणीवाल्यांचा स्वयंपाक करतात.

ही टीका मी बाहेर उभी राहून करत नाही. पूर्व विदर्भातल्या एका गावात सामूहिक वनहक्काच्या दाव्याच्या कामात मीही होते. मोजणी झाली, नकाशा छापून आला, ग्रामसभेत भिंतीवर लागला. सगळे खूष होते. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईने मला विचारले, “ताई, आमचा झरा कुठं हाय याच्यात?”

झरा त्यात नव्हता. हद्दीची रेघ त्याच्या अलीकडूनच वळली होती. मोहफुलांच्या दिवसांत पहाटेपासून जंगलात असणाऱ्या बाया त्या झऱ्यावर पाणी पितात. पुरुषांचे त्या बाजूला फारसे काम पडत नाही. मोजणाऱ्यांनी काही लबाडी केली नव्हती, ते आपल्या नेहमीच्या वाटेने चालले होते. आणि मी? समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी गाठीशी असून, झरा त्या कागदावर कुठे यायला हवा हे मला बोट ठेवून दाखवता आले नाही. शिक्षणात मला रांगोळीचा नकाशा काढून घ्यायला शिकवले होते, मोजमापाचा नकाशा वाचायला कुणी शिकवले नव्हते. दावा दाखल व्हायचा होता म्हणून निभावले. ती बाजू पुन्हा चालावी लागली, आणि या वेळी बाया पुढे होत्या.

कायद्याने आपल्याला जागा दिलेली नाही असे म्हणायची सोय नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक पट्टा पतिपत्नीच्या संयुक्त नावे करण्याची तरतूद आहे. नियमांप्रमाणे वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. समितीने प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करायची आहे आणि ओळखीच्या खुणांसह नकाशा तयार करायचा आहे. त्यासाठी वन आणि महसूल खात्याचे नकाशे ग्रामसभेला पुरवणे हे उपविभागीय समितीचे कर्तव्य आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब हा पुरावा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर उपग्रहाची चित्रे इतर पुराव्याला पूरक असतील, त्याची जागा घेणार नाहीत, असे स्पष्ट केले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हापासून हे कागद किती मोलाचे आहेत ते आपण जाणतो. मग समितीतल्या त्या एक तृतीयांश बाया पडताळणीच्या दिवशी कुठे असतात? हजेरीपटावर अंगठा देऊन घरी गेलेल्या असतात.

यावर ठरलेले उत्तर येते. ‘बायांना ते यंत्राबिंत्राचे जमत नाही.’ सत्तर पानांचे एक पुडके आणि हजार पुडक्यांची एक गोणी, हा तेंदूपानांचा हिशोब ज्या बाया हंगामभर चुकू देत नाहीत, त्यांना हे जमत नाही? शिकायचे आहे तरी काय, ते पाहू. सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या नकाशाचे प्रमाण ‘एकास पन्नास हजार’ असते, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी रेषा उंचीच्या. त्या जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की जमीन सपाट. डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईला हा फरक पायांना ठाऊक असतो, तो कागदावर ओळखायचा एवढेच. होकायंत्राने नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेला जुळवायची. ओळखीच्या दोन टेकड्यांकडे रोखून दिशा घ्यायची आणि त्या टेकड्यांवरून उलट रेघा ओढायच्या. जिथे त्या एकमेकींना छेदतील तिथे आपण उभ्या आहोत.

जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही, त्याला उघडे आकाश लागते. दाट झाडीत घाई न करता थांबायचे, हद्दीच्या प्रत्येक वळणावर नोंद घ्यायची आणि तीच नोंद वहीतही करायची. एक चूक मात्र कटाक्षाने टाळायची. २० अंश ३० मिनिटे हा आकडा कुणी २०.३० अंश असा उतरवला, तर जागा सुमारे २२ किलोमीटर सरकते, कारण ३० मिनिटे म्हणजे अर्धा अंश. असा चुकलेला आकडा फाइलमध्ये गेला आणि तो तपासता येणारी एकही बाई गावात नसली, तर पकडणार कोण?

दुसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींकडून येतो, म्हणून तो जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. त्या म्हणतात, बायकांचे जंगलाचे ज्ञान मौखिक आहे, जिवंत आहे, त्याला अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत कोंबू नका. जमीन मोजणे हे राज्यकर्त्यांचे हत्यार आहे. खरे आहे. १८०२ साली मद्रासपासून सुरू झालेली त्रिकोणमितीय मोजणी इंग्रजांनी आपल्या भल्यासाठी केली नव्हती. पण म्हणून ते हत्यार आज कुणी खाली ठेवले आहे का? खाणीच्या प्रस्तावात आकडे असतात, वनखात्याच्या आराखड्यात आकडे असतात, कोर्टापुढे आकडे जातात. साहेब आजीची गोष्ट मान डोलावून ऐकतात आणि सही मात्र नकाशावर करतात. बायकांच्या ज्ञानाचे गोडवे गाऊन त्यांना यंत्रापासून लांब ठेवणे, हा आदर नव्हे.

या आक्षेपात एक सावधगिरी मात्र मोलाची आहे. औषधी वनस्पतीची जागा एकदा नकाशावर आली की ती व्यापाऱ्यालाही सापडते. काय दाखवायचे आणि काय झाकून ठेवायचे हे ग्रामसभेने ठरवले पाहिजे. पण ते ठरवणार कोण? नकाशा वाचता येणारेच ठरवतील. म्हणजे प्रश्न फिरून तिथेच येतो.

जंगलात एकटीदुकटी यंत्र घेऊन फिरणाऱ्या बाईकडे गाव कसे पाहते, तेही ठाऊक आहे. सरपण आणायला तीच बाई रोज त्याच जंगलात जाते तेव्हा कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. ती ओझे वाहते तोवर ठीक, मोजायला लागली की ‘हिला काय करायचंय?’

म्हणून आपल्या संघटनांपुढे काही साध्या गोष्टी ठेवते. नकाशाचे प्रशिक्षण तालुक्याला निवासी न ठेवता गावात, दुपारच्या वेळी, पाळणाघरासह घ्या. प्रत्येक मोजणी तुकडीत निम्म्या बाया असू द्या, आणि यंत्र त्यांच्या हातात असू द्या, पिशवीत नको. हद्द दोनदा चाला, एकदा पुरुषांच्या वाटेने, एकदा बायांच्या. तयार नकाशा बायांच्या बैठकीत वाचल्याशिवाय ग्रामसभेत मांडू नका. आणि आपण कार्यकर्त्या, आधी स्वतः शिकूया. मी शिकले, पस्तिशीला आल्यावर, एका तेंदूपाने तोडणाऱ्या बाईच्या शेजारी बसून. ती माझ्याआधी शिकली.

रांगोळी जरूर काढूया. पण ती झाडण्याआधी कागदावर उतरली पाहिजे, आणि उतरवणारा हात आपला असला पाहिजे.