पिस्तुलाची नळी दुकानदार ठरवणार, की पोरीचा हात?

ऑगस्ट २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये रायफलचं कांस्यपदक घेतलं. त्याच्या काही दिवस आधी मनू भाकरनं एअर पिस्तुलात पदक मिळवलं होतं. तेव्हापासून आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतही नेमबाजीचे वर्ग दिसायला लागलेत. मंगल कार्यालयाचा वरचा मजला म्हणा, बंद पडलेलं गोदाम म्हणा, दहा मीटरची जागा मिळाली की रेंज तयार. चांगलंच आहे. पोरं मोबाइल ठेवून तासभर एका काळ्या वर्तुळाकडं बघत उभी राहतात, हे काही कमी नाही.

पण वर्गांच्या मागोमाग बाजारही आलाय, आणि या बाजाराबद्दल कुणी बोलत नाही म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण घरात नेमबाजी करणारं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तीन-चार पालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "साहेब, पोरीसाठी पिस्तूल करून घ्यायचंय. बॅरल कुठली घेऊ? लांब, आखूड, की ती भोकं असलेली?" मी पत्रकार आहे, नेमबाज नाही. म्हणून प्रशिक्षकांशी बोललो, नियमांचं पुस्तक काढून बसलो. तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न दिसतो तांत्रिक, पण मुळात तो पैशाचा आहे आणि व्यवस्थेचा आहे.

यातल्या एका घराचं उदाहरण सांगतो, नावगाव नको. पोरगी चौदा वर्षांची. दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर सराव, आणि त्या एका पिस्तुलावर सहा जण. बापाची तीन एकर शेती. विक्रेत्यानं पावणेदोन लाखांचं कोटेशन दिलं. त्यात लांब नळी आणि तोंडाजवळ भोकं पाडलेला, म्हणजे पोर्टेड, प्रकार. वर तोंडी हमी, "या बॅरलनं पाच पॉइंट वाढतील." आईचे दागिने सोनेतारणात ठेवायची तयारी झालेली. आता या बापानं ती हमी तपासायची कुठं?

आपण इथंच तपासू. आकडे अवघड नाहीत.

१० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. छर्रा ४.५ मिमीचा. छऱ्याची कड वर्तुळाला लागली तरी गुण मिळतो. म्हणजे छऱ्याचं केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत पडलं की दहा. नामांकित कंपन्या पिस्तुलासोबत चाचणीचा कागद देतात. पिस्तूल घट्ट आवळून त्याच्यावर गोळ्या मारलेल्या असतात आणि सगळ्या मिळून एकच भोक दिसतं, एका छऱ्यापेक्षा जेमतेम मोठं. म्हणजे नळीची स्वतःची चूक दोन-तीन मिमीच्या घरात. आणि दोन वर्षं शिकलेल्या मुलीच्या गोळ्या कुठं कुठं जातात? नऊ, आठ, मधूनच सात. सातच्या वर्तुळाचा व्यास ५९.५ मिमी आहे. आता सांगा, गुण जातायत ते नळीमुळं, की मनगट, श्वास आणि ट्रिगरवरच्या बोटामुळं?

चांगल्या कंपनीची कुठलीही स्पर्धेची नळी नवशिक्याच्या हातापेक्षा कितीतरी अचूक असते. "या बॅरलनं पाच पॉइंट" ही हमी म्हणूनच पोकळ आहे.

मग नळीच्या प्रकारानं काहीच फरक पडत नाही का? पडतो. फक्त तो विक्रेता सांगतो तिथं नाही.

लांब नळीचं बघा. ती घेतली की बहुतेक पिस्तुलांत पुढची आणि मागची साईट यांच्यातलं अंतर वाढवता येतं. अंतर जास्त असलं की साईट मिलिमीटरभर हलली तरी नेम कमी चुकतो. हा खरा फायदा. पण लांब नळीनं वजन पुढं सरकतं. पिस्तूल साधारण किलोभराचं. मुख्य साठ गोळ्यांना ७५ मिनिटं मिळतात, त्याआधी सरावाच्या गोळ्या वेगळ्या. चौदा वर्षांच्या पोरीनं हात सरळ ताणून तेवढ्या वेळा ते उचलायचं. तिसाव्या गोळीनंतर पुढचं टोक खाली झुकायला लागलं, तर लांब साईटचा सगळा फायदा तिथंच संपतो. शिवाय छर्रा लांब नळीत जरा जास्त वेळ असतो. तो काळ मिलिसेकंदांचा, पण तेवढ्यात हात हलला तर छर्रा ती हालचाल घेऊनच बाहेर पडतो.

आखूड नळीचं उलट. पिस्तूल हाताच्या जवळ राहतं, लहान मनगटाला झेपतं, पण साईटची चूक जास्त भोवते. म्हणून कंपन्या आखूड मॉडेलं काढतात. ती काही कमी दर्जाची नसतात.

आता भोकांची नळी. छर्रा तोंडातून बाहेर पडायच्या आधी त्याच्या मागची दाबलेली हवा भोकांतून निघून जाते, म्हणून तोंडापाशी उसळी कमी बसते. तत्त्व बरोबर आहे. पण एअर पिस्तुलाला मुळात उसळी असते केवढी? शिकणाऱ्या मुलानं वेगळे पैसे मोजून घ्यावं असं त्यात काही नाही. ज्याचा हात बसलाय, जो एकेका गुणासाठी झगडतोय, त्यानं जरूर विचार करावा.

इथंच एक मोठा खड्डा आहे. १० मीटर एअर पिस्तुलात भोकं असलेली नळी नियमात बसते. पण मुलगी उद्या २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तुलाकडं वळली, ज्या प्रकारात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, तर तिथं भोकांची नळी, कॉम्पेन्सेटर, मझल ब्रेक सगळं बाद. नळी १५३ मिमीपेक्षा लांब चालत नाही. दोन साईटमधलं अंतर २२० मिमीच्या आत. वजन १४०० ग्रॅमच्या आत. ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा. पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. एअर पिस्तुलाचं माप वेगळं, वजन १५०० ग्रॅमपर्यंत, ट्रिगर किमान ५०० ग्रॅम, पेटी ४२० बाय २०० बाय ५०. स्पर्धेच्या आधी हे सगळं मोजतात. लाखभर घालून करून घेतलेलं पिस्तूल पेटीत बसलं नाही, तर पोरगी रडत घरी येणार आणि विक्रेता म्हणणार, "आम्हाला काय माहीत तुम्ही कुठल्या प्रकारात खेळणार?"

पोरं व्हिडिओ बघतात अमेरिकेचे. तिथल्या प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये जाड बुल बॅरल, बुशिंग बॅरल, तोंडावर कॉम्पेन्सेटर बसवलेली पिस्तुलं असतात, आणि कुठली नळी चांगली यावर तासन्‌तास चर्चा चालते. त्यांच्या खेळात त्या चर्चेला अर्थ आहे. तिथं नेमासोबत वेळ मोजतात, म्हणून दुसरी गोळी लवकर मारता येण्यासाठी उसळी दाबणं महत्त्वाचं. त्यातली बरीच पिस्तुलं ९ मिमीची, आणि ते काडतूस आपल्याकडं सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. त्यांचा सल्ला आपल्या तालुक्यातल्या रेंजवर लावणं म्हणजे रणजीच्या सामन्याला बेसबॉलची बॅट घेऊन जाणं.

कायद्याचंही ऐका. ४.५ मिमीचं आणि २० जूलच्या आतल्या ताकदीचं एअर पिस्तूल परवान्याशिवाय ठेवता येतं. पण .२२ च्या पिस्तुलाला परवाना लागतो आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही 'शस्त्र' या व्याख्येत येतात. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे, बंदूक दुरुस्तीचा धंदा करायलाही परवाना लागतो. "आपला लेथवाला आहे ना, तो देईल कापून," असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. यात पोराचं करिअरच काय, बापाची नोकरीही जाऊ शकते.

कुणी म्हणेल, साहित्याला एवढं कमी लेखू नका. मी लेखत नाही. टोकियोत जुलै २०२१ मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला. वीसेक मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. साहित्य किती महत्त्वाचं हे यातून कळतंच. पण तिथं दोष नळीच्या प्रकाराचा नव्हता, चालू पिस्तूल बंद पडण्याचा होता. म्हणजे पालकानं खरा पैसा कशावर ठेवावा? देखभालीवर. वॉशर, सील, सिलिंडरची मुदत, ट्रिगरची तपासणी यांवर. आणि ही तपासणी करणारा माणूस आपल्या जिल्ह्यात कुठं बसतो, हे पालकांना विचारून बघा. बहुतेकांचं उत्तर पुणे किंवा मुंबई.

पॅरिसमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचचा खिशात हात घातलेला फोटो सगळ्यांनी फिरवला. "बघा, काही साहित्य न वापरता रौप्य." अर्धंच खरं. डोळ्यावर खास भिंगं नव्हती, हातात पिस्तूल मात्र स्पर्धेचंच होतं. साहित्य नको असं त्या फोटोतून निघत नाही. त्याला काय हवं आणि काय नको, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, एवढंच निघतं. हे कळायला आधी वेगवेगळं साहित्य हाताळायला मिळावं लागतं.

आणि माझं सगळं म्हणणं इथंच येऊन थांबतं. मोठ्या शहरातल्या मुलाला चार पिस्तुलं हातात धरून बघता येतात. बालेवाडीत, वरळीला सराव करणाऱ्याच्या शेजारच्या लेनवर चार प्रकारची पिस्तुलं असतात, विचारायला अनुभवी माणसं असतात. आपल्या तालुक्यातली पोरगी मात्र पिस्तूल पहिल्यांदा हातात घेते ते पैसे भरून झाल्यावर, खोका उघडताना. चप्पलसुद्धा आपण पायात घालून बघतो आणि इथं पावणेदोन लाख डोळे झाकून.

"हा श्रीमंतांचा खेळ आहे, झेपत नसेल तर कबड्डी खेळा," असं म्हणणारेही भेटतात. त्यांना एवढंच सांगतो की ज्या जिल्ह्यातून ऑलिंपिक पदक आलं तिथल्या शेतकऱ्याच्या पोरीला हे ऐकवू नका. खेळ महाग आहे हे मान्य. पण आपण तो अज्ञानानं आणखी महाग करून ठेवलाय.

फार मोठं काही लागत नाही. जिल्हा क्रीडा कार्यालयानं किंवा जिल्हा संघटनेनं एका मध्यवर्ती रेंजवर तीन-चार पिस्तुलं ठेवावीत. एक आखूड नळीचं, एक पूर्ण लांबीचं, एक पोर्टेड, आणि मापं बदलता येतील अशा मुठी. ज्याला विकत घ्यायचंय त्या मुलानं प्रत्येकावर आठ-दहा दिवस सराव करावा आणि गुण लिहून ठेवावेत. पन्नासाव्या गोळीला हात कुठं जातो ते बघावं. मग नळी त्या वहीतून ठरेल. तपासणीची पेटी आणि ट्रिगरचं वजन तिथंच असावं. महिन्यातून एक दिवस परवानाधारक आर्मरर यावा, त्याची तारीख आधी कळावी. आणि दोन्ही प्रकारांचे नियम एका पानावर मराठीत छापून प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लावावेत. या शेवटच्या कामाला तर झेरॉक्सचाच खर्च.

तोपर्यंत पालकांनी काय करायचं? पहिलं, दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर काढा. दुसरं, घ्यायची वेळ आली तर पैसे आधी मुठीवर आणि सर्व्हिसवर घाला. मूठ हाताला बसली नाही तर कुठलीच नळी कामाची नाही. तिसरं, मुलगी दमेपर्यंत पिस्तूल हातात देऊन बघा, पहिल्या पाच गोळ्यांवर निर्णय घेऊ नका. चौथं, विक्रेत्याकडून लेखी घ्या की हे मॉडेल आहे तसंच कुठल्या प्रकारात नियमात बसतं. जो "पाच पॉइंट" तोंडी देतो पण हे लिहून देत नाही, त्याच्या दुकानातून उठा.

त्या तीन एकरवाल्या बापाला मी हेच सांगितलं. दागिने अजून घरात आहेत, पोरगी क्लबच्या पिस्तुलावरच आहे, आणि त्या पिस्तुलावर अजून सहा जण आहेत. नळी कुठली घ्यायची ते ती पोरगी ठरवेल, तिच्या हाताला कळेल. पण सहा जणांना एकच पिस्तूल किती दिवस पुरवायचं, हे ठरवणारे लोक जिल्हा नियोजन समितीत बसतात. क्रीडा विभागाचा निधी तिथंच मंजूर होतो. तुमचे आमदार, तुमचे जिल्हा परिषद सदस्य ओळखीचे असतील तर पुढच्या बैठकीआधी त्यांना ही पोस्ट दाखवा आणि विचारा, तीन पिस्तुलं आणि एक आर्मरर, यासाठी या वर्षी किती तरतूद आहे?

उत्तर मिळालं तर खाली लिहा. नाही मिळालं तरी लिहा.